'म्हणे' गळून पडतं तेव्हा : शोधमोहिमेवर बोलणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

खुनातल्या फरार संशयितांचा शोध चालू असताना ज्यांना गप्प राहवत नाही, अशा सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

खून झालेला असतो. संशयित पसार झालेले असतात. पोलिसांची पथकं रवाना होतात, नाकाबंदी लागते, आणि त्याच वेळी आणखी एक शोध सुरू होतो. तो आपला असतो. "ते म्हणे कधीच सीमा ओलांडून गेले." "त्यातल्या एकाला म्हणे जंगलात राहायचं शिक्षण मिळालंय." "आतलंच कुणीतरी म्हणे त्यांना खायला पुरवतंय." हे पत्र या 'म्हणे'बद्दल आहे. तुम्हाला लिहितेय, पण मी काठावर उभी राहून लिहीत नाही. मीही हे केलेलं आहे, आणि कुठे केलं तेही सांगणार आहे.

'म्हणे' हा आपल्या भाषेतला प्रामाणिक शब्द आहे. मी पाहिलं नाही, ऐकलंय, एवढं तो दोन अक्षरांत कबूल करतो. पण बातमी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना पहिल्यांदा गळतो तो हाच शब्द. पहिला माणूस म्हणतो, "तिकडे गेले असतील." दुसरा म्हणतो, "तिकडे गेले म्हणे." तिसरा सांगतो, "तिकडे गेलेत." चौथा त्याला कुणाचा तरी फोटो जोडतो. यातल्या एकालाही आपण खोटं बोललो असं वाटत नाही, आणि चौघांनी मिळून एक खोटी गोष्ट उभी केलेली असते.

२०१९ च्या जुलैमध्ये कॅनडात जे घडलं, ते मी रोज वाचत होते. १५ जुलैला ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या उत्तरेला, अलास्का महामार्गाच्या कडेला एका तरुण जोडप्याचे मृतदेह सापडले. तो ऑस्ट्रेलियाचा, ती अमेरिकेची. चार दिवसांनी डीस लेक या गावाजवळ ६४ वर्षांच्या एका वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकाचा मृतदेह मिळाला, आणि तिथून जवळच एक जळालेली गाडी. त्या गाडीतले दोन तरुण, एक १९ वर्षांचा आणि एक १८ वर्षांचा, बेपत्ता होते. सुरुवातीला सगळ्यांना त्यांचीच काळजी वाटत होती. या दोघांचंही काही बरंवाईट झालं असेल, असंच लोक बोलत होते. २३ जुलैला पोलिसांनी जाहीर केलं की हे दोघे बेपत्ता नाहीत, संशयित आहेत.

आदल्या दिवशी ज्यांच्या जिवासाठी हळहळ चालली होती, त्यांच्याबद्दल दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सगळं माहीत होतं. ते कसे वाढले, कुठले खेळ खेळायचे, डोक्यात काय शिजत होतं, पुढचं पाऊल कुठे पडणार. आदला अंदाज साफ चुकला होता, ही गोष्ट एका रात्रीत विसरली गेली. पुढचे अंदाज तितक्याच खात्रीने निघाले.

ते ज्या दुसऱ्या गाडीतून पुढे गेले, ती तिथून सुमारे ३,००० किलोमीटर दूर, मॅनिटोबा प्रांतात गिलम या लहानशा वस्तीजवळ जळालेली सापडली. मग दलदल, झुडपं आणि डासांनी भरलेल्या त्या प्रदेशात पोलिसांनी ११,००० चौरस किलोमीटरहून जास्त भाग धुंडाळला. ड्रोन होते, कुत्रे होते, लष्कराची विमानं होती. मी इकडे नकाशा उघडून बसले होते. रेल्वेमार्ग कुठे जातो, नदी कुठे मिळते, हडसन उपसागर किती दूर आहे, हे पाहत होते आणि घरच्यांना ठामपणे सांगत होते की ते मालगाडीत चढून केव्हाच निसटले असणार. मी एकदाही 'असणार' या शब्दापाशी थांबले नाही. कुणी म्हणत होतं त्यांनी वेश बदललाय, कुणी म्हणत होतं ते एव्हाना पूर्वेकडे पोचलेत. शेजारच्या ओंटारियो प्रांतातूनही ते दिसल्याचे फोन पोलिसांना जात होते.

७ ऑगस्टला नेल्सन नदीच्या काठी दाट झुडपांत दोघांचे मृतदेह सापडले. स्वतःच्याच बंदुकीने त्यांनी जीव दिला होता. जळालेल्या गाडीपासून ती जागा आठ किलोमीटरवर होती.

आठ किलोमीटर. आम्ही सगळे त्यांना देश ओलांडून नेत होतो.

यात एक फरक मला नीट मांडायचा आहे. शोध चालू असताना यॉर्क लँडिंग नावाच्या वस्तीत गस्तीवरच्या स्वयंसेवकांना दोन उंचसे तरुण कचरा टाकायच्या जागेजवळ दिसले. त्यांनी ताबडतोब पोलिसांना कळवलं. मोठा फौजफाटा तिकडे वळला, काही सापडलं नाही, आणि ही खबर खरी ठरली नाही असं पोलिसांनी सांगितलं. त्या स्वयंसेवकांना मी दोष देणार नाही. त्यांनी डोळ्यांनी काहीतरी पाहिलं आणि जिथे सांगायचं तिथेच सांगितलं. चुकीची ठरली तरी ती खबर होती. माझं नकाशावरचं बोट ही खबर नव्हती. ज्यांना काहीच दिसलं नाही असे आपण जगभर पसरलेले लोक जे बोलत होतो, त्याला शोधात काडीची जागा नव्हती.

तुम्ही म्हणाल, घरात बसून बोललं तर कुणाचं काय बिघडतं? माझ्या स्वयंपाकघरातलं बोलणं गिलमपर्यंत पोचलं नाही, हे खरं. पण आता बोलणं घरात राहत नाही, आणि ते ज्यांच्या कानावर पडतं त्यांत फरार माणूसही असतो, हे आपण धरतच नाही. आपण त्याच्याविषयी असं बोलतो जणू तो मेलेला आहे किंवा पुस्तकातला आहे. २०१० च्या जुलैमध्ये उत्तर इंग्लंडमध्ये राउल मोट नावाचा माणूस एकाला ठार आणि दोघांना जखमी करून पसार झाला. त्यातला एक पोलीस होता, त्याचे डोळे कायमचे गेले. जवळपास आठवडाभर मोटचा शोध चालला. तो बातम्या पाहत होता. आपल्याबद्दल जितक्या चुकीच्या गोष्टी छापून येतील, तितक्या सामान्य माणसांना मारीन, अशी धमकी त्याने मागे ठेवलेल्या ध्वनिमुद्रणात होती. पोलिसांना संपादकांना विनवावं लागलं की त्याच्या खासगी आयुष्यातल्या गोष्टी काही काळ छापू नका. कुणाच्या तरी सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्या मजकुराची किंमत रस्त्यावरचा एखादा अनोळखी माणूस मोजणार होता.

आपल्याकडे तर हे सांगायला इंग्लंडपर्यंत जायला नको. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यात कमांडो कुठून शिरताहेत, कुठल्या मजल्यावर आहेत, हे वाहिन्या थेट दाखवत होत्या आणि पलीकडे बसलेले सूत्रधार तेच पाहून हल्लेखोरांना फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात वाहिन्यांना त्याबद्दल कडक शब्दांत सुनावलं. २०१५ मध्ये नियमच झाला की दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करायचं नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी जे सांगेल तेवढंच द्यायचं. वाहिन्यांना नियम लागला. पण आता खिशात कॅमेरा असलेला प्रत्येक जण वाहिनी आहे, आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पोलीस गाडीचा फोटो टाकताना आपण काय दाखवतोय हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून मी सांगते: तो फोटो टाकू नका. गाडी कुठे उभी आहे, किती पोलीस आहेत, कुठल्या दिशेने निघाले, यातलं काहीही नको. त्या गाडीतल्या पोलिसालाही आई आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले, तिच्याकडे येते.

१५ एप्रिल २०१३ ला बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये दोन स्फोट झाले. तीन माणसं गेली, शेकडो जखमी झाली. गर्दीचे हजारो फोटो उपलब्ध होते आणि हजारो लोक त्यात हल्लेखोर शोधायला बसले. पाठीवर पिशवी असलेला, जरा वेगळा दिसणारा, इकडेतिकडे पाहणारा प्रत्येक जण त्यांना संशयित वाटू लागला. न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने दोन तरुणांचा फोटो पहिल्या पानावर छापला. त्यांचा स्फोटांशी काही संबंध नव्हता. त्याच सुमाराला एका विद्यार्थ्याचं नाव लोकांच्या तोंडी आलं. तो जवळच्याच प्रॉव्हिडन्स शहरात शिकत होता आणि स्फोटांच्या महिनाभर आधीपासून बेपत्ता होता. नाव आशियाई, चेहरा सावळा, आणि तो सापडत नाहीये. एवढं पुरलं.

त्याच्या घरच्यांनी त्याला शोधण्यासाठी त्याचे फोटो टाकून फेसबुकवर एक पान उघडलं होतं. कुणाला दिसला तर कळवा, आम्ही वाट पाहतोय, एवढीच विनंती. त्या पानावर शिव्या येऊ लागल्या. रात्रीतून तोच हल्लेखोर असल्याचं 'नक्की' झालं. घरच्यांना ते पान बंद करावं लागलं. म्हणजे आपलं मूल शोधायला जे दार त्यांनी उघडं ठेवलं होतं, तेच लोकांनी लावायला लावलं. सकाळी खऱ्या संशयितांची नावं जाहीर झाली. ते वेगळेच दोन भाऊ होते. त्यानंतर चार दिवसांनी त्या मुलाचा मृतदेह नदीत सापडला. लोक त्याला धुंडाळत होते तेव्हा तो या जगातच नव्हता.

या घराचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्याचं नाव मी लिहीत नाही. ते एकदा पुरेसं घेऊन झालंय.

आणि बोस्टनला लागूनच असलेल्या वॉटरटाउनमध्ये, त्याच दिवसांत, एका साध्या माणसाने काय केलं तेही पाहा. १९ एप्रिलच्या संध्याकाळी, दिवसभर घरात राहण्याची सूचना उठल्यावर, तो अंगणात आला. अंगणात त्याची होडी झाकून ठेवलेली होती. तिचं आच्छादन सैल दिसलं. शिडी लावून त्याने आत डोकावलं तर रक्त दिसलं आणि एक माणूस. तो खाली उतरला आणि पोलिसांना फोन केला. कुणाला ओळखत असल्याचा दावा नाही, तर्क नाही, फोटो नाही. स्वतःच्या होडीचं झाकण जसं लावलं होतं तसं नाही, एवढी एक गोष्ट त्याला ठाऊक होती. ती जगात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. हजारो लोकांनी हजारो फोटोंतून जे साधलं नाही, ते त्या एका फोनने साधलं. होडीतला माणूस त्या दोन भावांपैकीच एक होता.

अटलांटाची गोष्ट याहून जुनी आहे. २७ जुलै १९९६ ला ऑलिम्पिकच्या वेळी एका उद्यानात बॉम्ब फुटला. रिचर्ड ज्युएल या सुरक्षारक्षकाला बाकाखालची बेवारस पिशवी आधी दिसली होती आणि तो लोकांना दूर हटवत होता. तीन दिवस तो नायक होता. मग तपासयंत्रणेचा त्याच्यावरच संशय असल्याचं छापून आलं, आणि पुढचे तीन महिने त्याच्या घराबाहेर कॅमेरे होते. स्वतःच बॉम्ब ठेवून स्वतःच शोधायचा आणि वाहवा मिळवायची, असा हा स्वभाव असतो, असं लोक एकमेकांना समजावत होते. ऐकायला किती पटणारं! ऑक्टोबरच्या अखेरीस तो संशयित नाही असं त्याला अधिकृत पत्राने कळवण्यात आलं. खरा गुन्हेगार एरिक रुडॉल्फ नंतर नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांत पाच वर्षं लपून राहिला. दहा लाख डॉलरचं बक्षीस लागलं होतं. तो मेला असेल, परदेशी गेला असेल, सगळं बोलून झालं होतं. ३१ मे २००३ ला पहाटे मर्फी या गावात नेहमीच्या गस्तीवरच्या एका नवख्या पोलिसाने त्याला दुकानामागे रेंगाळताना पकडलं. त्याला वाटलं, चोर असेल. जिथून तो गेला असेल असं म्हटलं जात होतं, तिथून तो गेलाच नव्हता.

पटणारं आणि खरं यांत किती अंतर असतं, हे मला ज्युएलमुळे कळलं. गोष्ट जितकी बेतीव बसते तितकी ती आपल्याला खरी वाटते. प्रत्यक्षात माणसं बेतीव वागत नाहीत.

आणखी एक नुकसान आहे. त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण ते दिसत नाही. साक्षीदाराच्या डोक्यात ते होतं. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना मोटार अपघाताची चित्रफीत दाखवली. मग काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर आदळून चुराडा झाला तेव्हा वेग किती होता? दुसऱ्यांनी जास्त वेग सांगितला. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? चित्रफितीत काच फुटलेली नव्हती. तरी ती आठवणारे 'चुराडा' ऐकलेल्यांमध्ये पहिल्यांपेक्षा जास्त होते. एका शब्दाने हे होतं. मग ज्या साक्षीदाराने गल्लीच्या अंधारात क्षणभर एक चेहरा पाहिला, त्याच्यासमोर आठवडाभर आपण एकच फोटो नाचवला तर त्याला काय आठवेल? उद्या ओळख परेड होईल, तो त्या फोटोतल्या माणसाकडे बोट दाखवेल, आणि आपण अंधारात पाहिलेलाच चेहरा ओळखला असं त्याला मनापासून वाटेल. बचावाचा वकील उठून म्हणेल, हा चेहरा यांनी आधीच शंभरदा पाहिलेला आहे. तो बरोबरच बोलत असेल. ओळख परेडीआधी साक्षीदाराला फोटो दिसला असेल तर तिचा अर्थ उरत नाही, हे आपल्या न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलेलं आहे. खुनी सुटला म्हणून मग आपणच ओरडणार.

पोलिसांनाही याच पत्रात दोन शब्द सांगते, कारण सगळा दोष लोकांच्या माथी मारणं न्यायाचं होणार नाही. लोक बोलतात ते बऱ्याचदा भीतीपोटी. दाराला कडी लावून बसलेल्या माणसाला काहीच सांगितलं नाही, तर ती रिकामी जागा तो स्वतःच भरतो. २२ जुलै २००५ ला लंडनमध्ये, आदल्या दिवशीच्या फसलेल्या स्फोटांतल्या संशयितांचा शोध चालू असताना, पोलिसांनी भुयारी रेल्वेत एका निरपराध ब्राझिलियन तरुणाला गोळ्या घालून मारलं. त्याने उन्हाळ्यात जाडजूड कोट घातला होता म्हणे, अडथळ्यावरून उडी मारून पळाला म्हणे. प्रत्यक्षात त्याच्या अंगात डेनिमचं साधं जॅकेट होतं आणि तो तिकिटाचं कार्ड लावून चालत आत गेला होता. लोकांच्या चुकीच्या आठवणी पोलिसांना लगेच खोडता आल्या असत्या. त्या खोडल्या गेल्या नाहीत, आणि चौकशीतली कागदपत्रं बाहेर येईपर्यंत तीन आठवड्यांहून जास्त काळ त्या मेलेल्या मुलाचं वागणंच संशयास्पद होतं, असं लोक समजत राहिले. साहेब, रोज ठरलेल्या वेळी समोर या. नवं काही नसेल तर 'नवं काही नाही' एवढंच सांगा. आणि एखाद्याचं नाव उगाच लोकांच्या तोंडी आलं असेल, तर त्याचा संबंध नाही हे तितक्याच मोठ्याने सांगा. २०२२ मध्ये अमेरिकेत आयडाहोतल्या मॉस्को शहरात चार विद्यार्थ्यांचे खून झाले, तेव्हा अटक व्हायला सात आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत मृतांच्या ओळखीपाळखीचे लोक, इतकंच काय, एक प्राध्यापिकासुद्धा लोकांनी खुनी ठरवली होती. तिच्याविरुद्धचा 'पुरावा' भविष्य पाहायच्या टॅरोच्या पत्त्यांतून निघाला होता. कुणाकुणाचा संबंध नाही, हे तिथल्या पोलिसांना जाहीर करत राहावं लागलं. त्यांनी ते केलं, हे बरं केलं.

'म्हणे' शेवटी कुठवर जातं ते आपण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाहिलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय म्हणे. पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी भटक्या जमातीची पाच माणसं जमावाने मारून टाकली. तिथे कुणी फरार नव्हतं, कुणाचा शोध चालू नव्हता, टोळी नव्हती. 'म्हणे' तेवढं होतं.

मला माहितीय, तुम्ही वाईट माणसं नाही. कुणाचा तरी जीव गेलाय, मारणारा मोकळा आहे, आणि आपण काहीतरी करावं असं वाटतं. ते वाटणं चांगलंच आहे. म्हणून करता येण्यासारखं सांगते. काही दिसलं तर त्या माणसाच्या जवळ जाऊ नका, हाक मारू नका, फोटो काढायला थांबू नका. वेळ लक्षात ठेवा. उंची, कपडे, चालण्याची ढब, कुठल्या दिशेला गेला, गाडी असेल तर तिचा क्रमांक, निदान शेवटचे आकडे. बाजूला होऊन पोलिसांना फोन करा आणि जेवढं पाहिलं तेवढंच सांगा. 'तोच होता' म्हणू नका, 'असा असा माणूस पाहिला' म्हणा. तो तोच का, हे ठरवणं त्यांचं काम आहे. मग घरी या आणि कुणाला सांगू नका, अगदी जवळच्यालाही नाही. हे सगळ्यात अवघड आहे, हे मी जाणते. आणि काही दिसलंच नसेल, तर फोन करू नका. पलीकडे प्रत्येक फोन कुणीतरी लिहून घेतं, कुणीतरी जागेवर जाऊन तपासतं. ती माणसं मोजकी असतात आणि झोपलेली नसतात.

संशयितांच्या घरच्यांनाही सोडा. त्यांची आई, त्यांची भावंडं यांनी कुणाला मारलेलं नाही. त्यांच्या दारात उभं राहून मिळणारं उत्तर कुठल्याही तपासाला लागत नाही. आणि जे गेले, त्यांच्या घरी सगळ्या खबरा सगळ्यांत आधी पोचतात, हे विसरू नका. प्रत्येक नव्या 'म्हणे'ला त्यांच्या काळजाचा ठोका चुकतो, आणि दुपारपर्यंत ते खोटं ठरलेलं असतं.

परवा पुन्हा कुठल्याशा शोधाची बातमी चालू होती. एका मैत्रिणीने फोनवर विचारलं, "काय गं, तुला काय वाटतं, कुठे असतील?"

मी म्हटलं, "माहीत नाही." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मलाही नाही." आणि आम्ही, जे गेले त्यांच्याबद्दल बोललो.

आपली,
एक वाचक